दोन बोटं कोरी जागा

"हात दाखव," फादर आल्बान म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, अंगठ्याच्या नखात अडकलेली शाई चष्म्याजवळ नेऊन निरखली आणि मान हलवली. "न्हाई. आजून येकदा धू. नख बी घास."

तिसऱ्यांदा हौदावर जाऊन आलो तेव्हा चर्चच्या फरशीवर धुतलेल्या चादरींची पट्टी दारापासून वेदीपर्यंत अंथरून झाली होती. फादर गुडघ्यांवर बसून एक कातडी नळकांडं उघडत होते. दाराशी बा उभा होता, चपला हातात घेऊन. मिशनच्या विहिरीवरचं ऑईल इंजिन बंद करून तो तसाच आला होता, त्यामुळे त्याला उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती.

"लाजरस, तू तिथूनच बघ," फादर म्हणाले. "तुझ्या हाताला ह्या जन्मात साबन लागू पडायचा न्हाई."

"बघतो की," बा म्हणाला. "सदतीस वर्षं तिथूनच बघतोय."

फादर मूळचे ऑस्ट्रियातले. अठ्ठाविसाव्या वर्षी ते नगर जिल्ह्यातल्या आमच्या पिंपळदऱ्याच्या मिशनमध्ये आले आणि मराठी शिकले ती मळ्यांत आणि आठवड्याच्या बाजारात. त्यामुळे हा गोरापान, निळ्या डोळ्यांचा माणूस तोंड उघडलं की बैलांचा दलाल वाटायचा. येताना त्यांच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि ही गुंडाळी होती. त्यांच्या गावच्या मठावर तेव्हा नाझी सरकारच्या शिपायांचा डोळा होता. मठातल्या म्हाताऱ्या ग्रंथपालाने ती त्यांच्या हातात देऊन सांगितलं होतं की हिंदुस्थानात घेऊन जा, तिथे हिला शोधायला कोण येणार आहे.

गावाने तिचं नाव ठेवलं होतं आदामाची गुंडाळी. वासराच्या कातड्याचे सात तुकडे एकाला एक शिवलेले, रुंदी हातभर, लांबी तीस फूट. सातशे वर्षांपूर्वी कुणा संन्याशाने तिच्यावर आदामापासून येशूपर्यंतची वंशावळ काढली होती. प्रत्येक नाव एका गोलात. बापाच्या गोलातून मुलाच्या गोलात उतरणारी जाड लाल रेघ. दोन्ही बाजूंना राजे, संदेष्टे, भाऊबंद यांच्या बारीक फांद्या, आणि मधे मधे चित्रं: सात फाट्यांची समई, नोहाचं तारू, बारा वंशांची छावणी, बारा वेशींचं यरुशलेम. जिथे सोन्याचा वर्ख टिकला होता तिथे तो अजून अंगावर येईल असा चमकायचा. वर्षातून एकदा, नाताळाच्या आधीच्या रविवारी, फादर ती चर्चमध्ये उलगडायचे आणि सगळं गाव अनवाणी तिच्या कडेने चालत जायचं. आम्ही पोरं तारवातले उंट मोजायचो.

त्या वर्षी, म्हणजे पंचाहत्तर सालच्या एप्रिलात, मठाचं पत्र आलं. ग्रंथालय पुन्हा सुरू झालं होतं आणि मे महिन्याच्या अखेरीला त्यांचा माणूस मुंबईला येणार होता. गुंडाळी त्याच्या हवाली करायची होती.

"द्यायची म्हंजे द्यायची," फादर म्हणाले. "ठेव हुती ती. पन गावाला मोकळं कसं ठेवू? तू धरणाचे नकाशे उतरवतोस, मंग हे उतरव."

मी नगरला पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. बावीस दिवसांची रजा, ट्रेसिंग क्लॉथचा आख्खा तागा आणि माझी अवजारांची पेटी घेऊन आलो होतो. फरशीवर गुडघ्यांनी सरकत मी आदामापर्यंत गेलो आणि मनात हिशेब केला: दिवसाला दीड फूट.

"लॅटिन अक्षरं आहेत, फादर. मला ती नुसती चित्रं दिसणार. एखादं चुकलं तर?"

"वाचून दावायला मानूस हाय की."

"कोण?"

फादर गुंडाळी गुंडाळायला लागले. "उजागरे मास्तर," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

दाराशी बाने चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

*

उजागरे मास्तर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. तरुणपणी धर्मगुरू व्हायला म्हणून दोन वर्षं सेमिनरीत काढून आलेले; ते शिक्षण प्रकृतीमुळे सुटलं, पण लॅटिन सुटलं नव्हतं. गावातले सगळे संस्कार, सगळी पाठांतरं त्यांच्या हाताखालून गेलेली. आणि त्यांची मुलगी फिलोमिना नगरला अध्यापिका विद्यालयात शिकत होती. दर शनिवारी संध्याकाळी पाचच्या पिंपळदऱ्याच्या गाडीला आम्ही दोघं असायचो. दीड वर्षात आमचं जे काही बोलणं झालं ते त्या गाडीतच.

फेब्रुवारीत बा धुतलेला सदरा घालून मास्तरांकडे मागणी घालायला गेला होता. परत आला तो सरळ इंजिनघरात जाऊन बसला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं.

मास्तर म्हणाले होते, "मुलगा गुणी आहे, नोकरीला आहे, मला दिसतंय. पण लाजरस, तो कोणाचा आहे हे तुला तरी ठाऊक आहे का?"

"माझा हाय," बा म्हणाला होता.

"तसं नव्हे."

"मंग कसं?"

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं होतं. तिथे त्यांच्या घराण्याची वंशावळ चौकटीत लावलेली होती, पणज्यापासूनची. गावातला पहिला बाप्तिस्मा त्यांच्या पणज्याचा. बाला वाचता येत नव्हतं, पण चौकट कसली आहे ते कळलं. तो चहा न घेता उठला.

मास्तरांनी विचारलं त्यात खोटं काही नव्हतं. बावन्नच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर निघालेल्या लोकांपैकी कुणीतरी मला इंजिनघराच्या सावलीत ठेवून गेलं होतं. दोनेक वर्षांचा असेन. बाचं लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. फादरनी माझं नाव शांतवन ठेवलं आणि बाप्तिस्म्याच्या वहीत बापाच्या नावापुढे बाने सांगितलं तेच लिहिलं: लाजरस रणनवरे.

*

शाळेला सुट्टी होती. व्हरांड्यात चार बाकं जोडून टेबल केलं, कारण गुंडाळीला सूर्यप्रकाश थेट लागू द्यायचा नव्हता, पण उजेड हवा होता. कातड्यावर काच, काचेवर आरपार दिसणारं ट्रेसिंग क्लॉथ. कपाळाचा घाम पडू नये म्हणून मी डोक्याला पंचा बांधला. मास्तर पांढरी टोपी, सदरा अशा वेषात आठाच्या ठोक्याला आले, समोरच्या खुर्चीवर बसले, आणि नमस्कार-चमत्काराशिवाय वाचायला लागले.

"आदाम. आ, दे, आ, एम."

पहिले पाच दिवस आमचं बोलणं एवढंच. ते माझं नाव घेत नसत. "हं, पुढे," म्हणत. अक्षराची शेपटी जराशी आखूड झाली तरी त्यांना दिसायची. "तुझ्या धरणाला चालेल, इथे नाही." मी ब्लेडने खरवडायचो आणि पुन्हा काढायचो. शाई ट्रेसिंग क्लॉथवरून ब्लेडने निघते, फक्त हात हलका हवा.

दुपारी सुट्टीवर घरी आलेली फिलोमिना चहा घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी कप ठेवताना ती हळूच म्हणाली, "नावं नीट काढा. ते रात्री जेवताना तुमच्या चुका मोजून दाखवतात."

"किती झाल्या?"

"काल अकरा. पण एका नावाबद्दल म्हणाले, बरं आलंय."

"कुठल्या?"

"ते नाही सांगितलं," ती म्हणाली आणि मास्तर खाकरले म्हणून घराकडे वळली.

संध्याकाळी इंजिन बंद झालं की बा यायचा आणि खिडकीतून बघायचा. व्हरांड्याच्या कडेच्या भिंतीतली ही गजांची खिडकी त्याने स्वतःच स्वतःला ठरवून दिली होती, कारण फादरचा साबणाचा नियम इथेही चालू होता. सातव्या दिवशी नोहाचं तारू झालं. ते चित्र म्हणजे आमच्या खात्यातला धरणाचा छेदच: तीन मजले, खण पाडलेले, प्रत्येक खणावर नाव. मास्तर एकेक वाचून अर्थ सांगत होते. इथे माणसं, इथे गरीब जनावरं, इथे हिंस्र जनावरं, इथे दाणागोटा. सगळ्यात खालच्या खणाशी ते अडखळले.

"मास्तर, तिथं काय?" बाने खिडकीतून विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "ते आपलं... शेणखताचं कोठार."

बा इतका खूश झाला की त्याने खिडकीच्या गजावर थाप मारली. "बराबर हाय. येवढी जनावरं, येवढे दिवस. काढनारा मानूस शेतकरी आसनार. आमच्या पाद्रीसायेबांनी गोठा बांधला तवा हेच इसरले हुते."

मास्तर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. दात बारीक होते आणि हसताना ते टोपी सावरत.

त्यानंतर काम जरा सैल झालं. छावणीचं चित्र करताना ते स्वतःहून म्हणाले, "तुमच्या खात्यात अक्षर चांगलं घटवून घेतात."

"अक्षर बाने शिकवलंय," मी म्हणालो.

"लाजरसने? त्याला कुठे लिहिता येतं?"

"नाही येत. तो शाळेच्या खिडकीतून फळा बघून यायचा आणि इंजिनघराच्या भिंतीवर कोळशाने तसेच आकार काढून दाखवायचा. मला शाळेत घालायच्या आधी एक वर्ष. वाचता येत नव्हतं, म्हणून तो आकार अगदी मोजून काढायचा. 'ह' मात्र त्याने मला उलटा शिकवला होता. पहिलीत तुम्ही त्याबद्दल छडी मारली होती."

मास्तरांनी मान वळवून शाळेच्या खिडकीकडे पाहिलं.

"तो खिडकीत उभा राहायचा खरा," ते म्हणाले. "मला वाटायचं बागेला पाणी सोडायला येतो."

*

विसाव्या दिवशी शेवटचा तुकडा काचेखाली आला. गुंडाळी उलटी गुंडाळायची पद्धत होती, आदाम आत आणि येशू बाहेर, त्यामुळे हे टोक सातशे वर्षं माणसांच्या हातांनी घासलं गेलं होतं. निळा रंग राखाडी पडला होता. देवदूताच्या पंखांवरचं सोनं कुठे कुठे ठिपक्यांसारखं उरलं होतं.

"मात्तान," मास्तरांनी वाचलं. "याकोब. योसेफ."

मधली लाल रेघ मी अठ्ठावीस फूट उतरवत आणली होती. रूलिंग पेनने एवढी लांब रेघ एकाच जाडीची ठेवणं सोपं नसतं, आणि मला तिचा अभिमान वाटायला लागला होता. ती योसेफाच्या गोलात शिरली आणि खालून बाहेर आलीच नाही. गोलाखाली दोन बोटं कोरी जागा होती, आणि मग येशूचा मोठा गोल. एका बाजूने मरीयेची बारीक हिरवी रेघ तेवढी त्याला येऊन मिळाली होती.

"मास्तर, इथली लाल रेघ पुसली गेलीय."

त्यांनी वाकून पाहिलं. "हात लागून लागून गेली असेल. जोडून टाक."

"फादरना विचारू?"

"त्यात विचारायचं काय? वंशावळ आहे. मधेच तुटली तर तिला वंशावळ कोण म्हणेल?"

हे बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही मान वर केली नाही. पेनमध्ये लाल शाई भरली, पट्टी लावली आणि रेघ ओढली. खोटं कशाला सांगू, तीस फुटांतली सगळ्यात सफाईदार रेघ ती होती. ती जोडली गेली तेव्हा मला बरंच वाटलं.

पाचच्या सुमारास फादर भिंग घेऊन आले. ते रोज दिवसाचं काम तपासायचे. बा खिडकीत येऊन उभा होता, फिलोमिना कप गोळा करत होती. फादर मात्तानपासून सावकाश खाली आले आणि थांबले.

"ही कुनी काढली?"

"मी."

"मी सांगितलं म्हणून," मास्तर म्हणाले.

"इथं रेघ न्हाई."

"उडालीय, फादर," मी म्हणालो. "मुळातली रेघ झिजली असेल तर जोडून घ्यायची, हा आमच्या कामाचा नियमच आहे."

"मंग नियमानं बघ. झिजलीय का नव्हतीच."

आता हे माझ्या धंद्यातलं आव्हान होतं. मी काच काढली. इतक्या दिवसांत एक गोष्ट मला कळली होती: लाल रेघ रंगवायच्या आधी तो संन्यासी बोथट सुईने कातड्यावर ओरखडा काढून घ्यायचा, आम्ही आधी पेन्सिलीची फिकट रेघ काढतो तसा. रंग उडाला तरी ओरखडा जात नाही. पण तो दिसायला उजेड तिरपा हवा.

"आरसा मिळेल का?" मी विचारलं.

फिलोमिना घरी जाऊन भिंतीवरचा आरसा खिळ्यासकट घेऊन आली. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली, आरसा गुडघ्यांवर धरला आणि उतरत्या उन्हाची एक पातळ पट्टी कातड्यावरून आडवी सोडली. क्षणभरासाठीच, फादरनी बजावलं. त्या क्षणभरात सगळं वर आलं. अक्षरांच्या ओळी, गोलांच्या मधली कंपासाची टोचणी, आणि मधोमध सरळ उतरणारा ओरखडा, नांगराच्या तासासारखा. मात्तानपासून याकोबापर्यंत. याकोबापासून योसेफापर्यंत. योसेफाच्या गोलाच्या कडेला येऊन तो थांबला होता, घसरून नाही, नीट ठरवून. त्याच्या खाली दोन बोटं कातडं लोण्यासारखं गुळगुळीत होतं.

"नव्हतीच," मी म्हणालो.

मास्तर उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते. तीस वर्षं ते गावच्या पोरांकडून शुभवर्तमानातली ती साखळी चालीवर पाठ करून घेत होते, ह्याला तो झाला, त्याला हा झाला. मीही ती त्यांच्याकडेच पाठ केली होती. आता ते मनातल्या मनात ती पुन्हा म्हणत होते. याकोबाला योसेफ झाला, इथपर्यंत आवाज ऐकू आला. "योसेफाला..." असं म्हणून ते थांबले.

फादर भिंग पुसत होते.

"काय झालं काय?" बाने खिडकीतून विचारलं. "रेघ चुकली का पोराची?"

"मरीयासुद्धा दाविदाच्याच घराण्यातली अशी परंपरा आहे, फादर," मास्तर म्हणाले.

"हाय की. ती काय बाजूला हिरवी रेघ. आईचं रगात हायेच. पन तुमी पोरांकडून घोकून घेता ती ही लाल, मास्तर. अब्राहामापासनं बेचाळीस पिढ्या. ती सरळ योसेफाच्या घरी येती आन् थांबती."

बा गजांना नाक लावून ऐकत होता. "थांबा, फादर. म्हंजे हा समदा गोतावळा, ही राजंबिजं, ही त्याला वाढवनाऱ्याची?"

"व्हय."

"आन् त्याला लावली?"

"त्यालाच लावली."

बाने थोडा विचार केला. "मंग लोकांनी चालवून घेतलं?"

"दोन हजार वर्षं झाली," फादर म्हणाले. "आजून तरी कुनी परत आनून दिली न्हाई."

आरशाची पट्टी आता छतावर गेली होती, ती थरथरली. फिलोमिना हसू दाबत होती. फादरनी भिंग खिशात टाकलं, "खरवडून टाक तेवढं," म्हणाले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले.

मी ब्लेड मोडून नवं पातं काढलं. ट्रेसिंग क्लॉथ खरवडताना ताणून धरावं लागतं, नाहीतर घडी पडते. एरवी मी ते वजनं ठेवून करायचो. वजनं शोधायला वाकलो तर मास्तरांनी दोन्ही हातांनी कापड धरलं होतं. चार बोटं या बाजूला, चार त्या. माझ्या पात्याखाली रेघेचा लाल भुगा निघत होता आणि ते तो फुंकर मारून बाजूला करत होते.

"हळू, शांतवन," ते म्हणाले. "गोलाला लागेल."

*

रविवारी मिस्सेनंतर चर्चमध्ये दोन्ही गुंडाळ्या शेजारी शेजारी उलगडल्या. आदल्या रात्रीपर्यंत मी रंग भरले होते, कापडाच्या मागच्या बाजूने, नकाशात नदी भरतात तसे. सोन्याच्या जागी मला पिवळ्यावर भागवावं लागलं होतं. गाव दोन्हींच्या मधून चालत गेलं. म्हाताऱ्या बायका जुनीला नमस्कार करत होत्या आणि नवीवर माझ्या चुका शोधत होत्या. एका आजीने सांगितलं की जुन्या तारवातला उंट जास्त हसरा आहे, आणि ते खरं होतं.

मास्तरांनी आदामापासून नावं वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाज, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ते वाचत पुढे चालले, पोरं मागून चालली. योसेफाशी आल्यावर त्यांनी ते नाव घेतलं, आणि थांबले. पोरांना वाटलं विसरले. एकाने मदत म्हणून पुढचं नाव सांगितलं.

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "दोन बोटं जागा आहे इथे. तेवढं थांबायचं." मग त्यांनी येशूचं नाव घेतलं.

त्याच दुपारी फादर जुनी गुंडाळी घेऊन मुंबईला गेले. रिकाम्या हातांनी परत आले ते तीन दिवसांनी, आणि आल्या आल्या माझ्या गुंडाळीवर भिंग घेऊन बसले. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्यांना एकदा विचारलं, मास्तरांना माझ्यासमोर बसवायचं तुम्ही मुद्दाम ठरवलं होतंत का. ते म्हणाले, "गावात दुसऱ्या कुनाला लॅटिन येत हुतं, सांग बरं."

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी मास्तर इंजिनघरात आले. मी नगरची गाडी पकडायला निघालो होतो आणि बाला सांगायला थांबलो होतो, म्हणून मला हे सगळं दिसलं. बाजूच्या वाफ्यांत सात-आठ बायका कांदे काढत होत्या. इंजिन धडधडत होतं. मास्तरांनी टोपी सारखी केली, बापुढे उभे राहिले आणि काहीतरी बोलले.

बाने कानाला हात लावला. "काय?"

मास्तर पुन्हा बोलले, जरा मोठ्याने. बाने इंजिनाकडे बोट दाखवून मान हलवली.

मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि शाळेच्या मैदानावर कवायतीला लावायचे तो आवाज लावला. त्याच वेळी बाने वाकून इंजिन बंद केलं.

"लाजरसभाऊ, माझी फिलोमिना तुमच्या मुलाला द्यायची आहे."

एवढं वाक्य त्या शांततेत विहिरीपासून चर्चपर्यंत गेलं. कांदे काढणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. बाने हात चिंध्यांना पुसले, बराच वेळ, बोट न् बोट, आणि मग कोपऱ्यातली खाट ओढून तिच्यावर घोंगडी टाकली.

"बसा," तो म्हणाला. "च्या टाकतो."

गाडी त्या दिवशी चुकली. संध्याकाळी मी बाजवळ बसलो होतो तेव्हा त्याला म्हणालो, "तू कानाने कमी झालास, बा. बिचाऱ्या मास्तरांना तीनदा ओरडायला लागलं."

"तीस-पस्तीस वर्षं ह्या इंजिनापाशी काढलीत," बा म्हणाला. "त्याच्या आवाजात मला मुंगी चाललेली बी ऐकू येती."

"मग?"

"पयल्यांदाच ऐकू आलं हुतं." त्याने बिडी पेटवली. "'तुमच्या मुलाला' म्हनत हुते रं. म्हटलं, म्हनू द्यावं."